नदी सगळीकडे होती, मग शहरं ठराविक ठिकाणीच का?

शाळेत आपण सगळ्यांनीच एक वाक्य पाठ केलेलं असतं, की प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयाला आल्या. कारणे द्या असा प्रश्न यायचा, मग प्यायला पाणी, शेतीला सुपीक गाळ, वाहतुकीला नदी, झाले दोन मार्क. मला तेव्हापासून हे उत्तर अर्धवट वाटत आलंय, कारण नदी आमच्या गावालाही आहे, चांगली कृष्णा आहे, माती अशी की काठी रोवली तरी पालवी फुटेल, पण पाच हजार वर्षांपूर्वी आमच्या शिवारात काही कुणी शहर वसवलं नव्हतं. ॲमेझॉन आणि काँगो या तर जगातल्या सगळ्यात जास्त पाण्याच्या नद्या, मग त्यांच्या काठी तेव्हा मोहेंजोदडो का नाही झालं?

म्हणजे नुसती नदी असून भागत नाही. तिचं पाणी कुठल्या महिन्यात येतं, येताना काय घेऊन येतं, ओसरल्यावर काय ठेवून जातं, आणि त्या मुलखात कुठली गोष्ट अजिबात मिळत नाही, हे बघावं लागतं. यातला शेवटचा मुद्दा लोक सहसा विसरतात, आणि मला तोच सगळ्यात भारी वाटतो.

नाईलपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात सरळ आहे. पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवणच्या आसपास उजनीचं बॅकवॉटर लागतं. पाणी मागे सरकायला लागलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरून टाकतात, त्याला गाळपेर म्हणतात. ओल आयतीच असते, खताचा फारसा खर्च नाही, मशागतीचा ताप कमी. आता अशी गाळपेर जमीन एका धरणाच्या कडेला नाही तर अस्वानपासून थेट समुद्रापर्यंत, हजारावर किलोमीटर, नदीच्या दोन्ही अंगाला पसरलीये आणि दर वर्षी त्याच महिन्यात तयार होतेय अशी कल्पना करा. झालं, जुना इजिप्त समजला.

गंमत म्हणजे इजिप्तमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही, कैरोला वर्षाकाठी २५ मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या वळवाच्या सरीत तेवढा होतो. पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचा, आणि तो पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणजे आपला पावसाळा असतो तेव्हाच. ते पाणी निळ्या नाईलमधून गाळ घेऊन खाली यायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात इजिप्तची सगळी शेतं पाण्याखाली, ऑक्टोबरपासून ओसरायला सुरुवात, आणि पाणी उतरलं की जमिनीला असा वाफसा यायचा की लगेच पेरायचं, गहू, जव आणि जवस. मार्च-एप्रिलात कापणी. मग उन्हाळ्यात जमीन भाजून निघायची, भेगा पडायच्या, आणि पुढचा पूर त्या भेगांतून आत शिरून साठलेला क्षारसुद्धा धुऊन न्यायचा. म्हणजे पेरणीच्या आधी पाणी, पिकाच्या वाढीला थंडी, कापणीला कोरडं ऊन, सगळं आपसूक त्याच क्रमानं. रब्बी हंगामाला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कुणी मागूनही मिळालं नसतं. त्यांचे ऋतूसुद्धा तीनच होते, पुराचा, पिकाचा आणि कापणीचा.

पण पूर किती येणार यावर सगळं अवलंबून. कमी आला तर वरच्या शेतांना पाणी पोचत नाही, जास्त आला तर घरंदारं जातात. म्हणून नदीकाठी पायऱ्यांवर खुणा करून पाणी मोजायचे, अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर ते आजही बघायला मिळतं. मोजायचे हातात, आपल्याकडे कापड मोजायचे तसं कोपरापासून बोटांपर्यंत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं याचा हिशोब देऊन ठेवलाय, १२ हात पाणी म्हणजे दुष्काळ, १३ ला उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती आणि १६ हात म्हणजे चैन. आता विचार करा, ज्याच्या हातात हे मोजमाप आहे त्याला सप्टेंबरातच कळतं की यंदा पीक साधारण किती येणार, म्हणजे शेतसारा किती लावायचा तेही कळतं. तलाठ्याची आणेवारी पेरणीच्या आधीच तयार! सरकार चालवायला यापेक्षा सोपा प्रदेश शोधून सापडणार नाही.

त्यात वाऱ्याची साथ. नाईल वाहते दक्षिणेकडून उत्तरेला आणि वारा बहुतेक वर्षभर वाहतो उत्तरेकडून दक्षिणेला. खाली जायचं तर नाव सोडून द्या, वर जायचं तर शीड उभारा. हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणे याचं चिन्ह शीड उभारलेली नाव आणि उत्तरेला जाणे याचं बिनशिडाची नाव. पुढे इ.स.पू. १५०० च्या सुमारास थुतमोस पहिला हा राजा स्वारी करत युफ्रेटिसपर्यंत पोचला, तर ती नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहताना बघून हे लोक चक्रावलेच, आणि शिलालेखात तिला उलटं पाणी म्हणून मोकळे झाले. आपली नदी सुलट, दुसऱ्याची उलट, माणूस सगळीकडे सारखाच.

दोन्ही बाजूला वाळवंट, दक्षिणेला धबधब्यासारखे खडकाळ टप्पे, उत्तरेला समुद्र. शत्रू येणं अवघड आणि रयतेला पळून जाणंही अवघड. ज्याच्या ताब्यात नदी त्याच्या ताब्यात सगळा देश, कारण देश म्हणजे नदीची कडाच. इ.स.पू. ३१०० च्या आसपास सगळा इजिप्त एका राजाखाली आला आणि मधले काही पडझडीचे काळ सोडले तर पुढची अनेक शतकं तो परत परत एकाच राजाखाली येत राहिला. स्वतःच्या देशाला ते काळी जमीन म्हणायचे, बाकी सगळी लाल जमीन. लाल जमीन म्हणजे वाळवंट.

आता नकाशावर जरा उजवीकडे सरका, आजच्या इराकमध्ये. टायग्रिस आणि युफ्रेटिस. इथं नदी आहे, गाळ आहे, ऊन आहे, फक्त वेळापत्रक पार चुकलेलं. या नद्यांना पाणी येतं तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळून, म्हणजे पूर एप्रिल-मे महिन्यात, आणि नेमकं तेव्हाच जव कापणीला आलेला. पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नदी पार तळाला गेलेली. पाहिजे तेव्हा नाही आणि नको तेव्हा धो धो. दक्षिण इराकमध्ये पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्या माणदेशासारख्या दुष्काळी पट्ट्यातसुद्धा त्याच्या तिप्पट पडतो. पावसावर काही पिकवायचा विचारच सोडा.

वर जमीन अशी सपाट की बगदाद समुद्रापासून पाचेकशे किलोमीटर आत असूनही उंची जेमतेम ३५ मीटर. इतक्या सपाटीवर नदी रेंगाळते, स्वतःच्याच गाळानं पात्र भरत जाते आणि हळूहळू आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहायला लागते. यात एक सोय आहे, काठ फोडला की पाणी उतारानं आपोआप शेतात. आणि एक संकट पण आहे, काठ आपण न फोडता फुटला की तेच पाणी गावात. कधी कधी तर नदी पात्र सोडून दुसरीकडेच निघून जाते आणि मागे राहतं कोरडं पडलेलं शहर.

मग माणसांनी काय केलं, पाट काढले, बांध घातले, आणि दर वर्षी पाटातला गाळ उपसत राहिले. ज्यांच्या घरी पाटपाण्याची शेती आहे त्यांना यातलं राजकारण सांगायला नको. कुणाची पाळी कधी, वरच्यानं जास्त वेळ दार उघडं ठेवलं, खालच्याला पाणीच पोचलं नाही, बांध कुणी फोडला. हे सगळं साडेचार हजार वर्षांपूर्वी जसंच्या तसं चालू होतं. लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी शहरं एका सुपीक पट्ट्यावरून आणि त्याच्या पाण्यावरून पिढ्यानपिढ्या भांडली, लगाशचा राजा एआनातुम यानं जिंकल्यावर कोरून घेतलेला दगड पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, त्यावर शत्रूची मुंडकी चोचीत धरून उडणारी गिधाडं आहेत. शेताच्या बांधावरून भांडण हो शेवटी! आणि नंतर बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. अठराव्या शतकात, एक कलमच आहे की तू आळशीपणा करून आपला बांध मजबूत ठेवला नाहीस आणि तो फुटून दुसऱ्याचं पीक वाहून गेलं तर धान्य तू भरून द्यायचंस, आणि भरायची ऐपत नसेल तर तुला आणि तुझ्या मालमत्तेला विकून ते पैसे ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यात वाटायचे.

इथं एक जुनी थिअरी सांगतात, की कालवे सांभाळायला मोठी यंत्रणा लागते म्हणून राजा आणि सरकार जन्माला आलं. ऐकायला मस्त वाटते पण आता ती जशीच्या तशी फारसं कुणी मानत नाही, कारण सुरुवातीचे पाट छोटे होते आणि गावकी मिळून चालवता येत होते. आपल्याकडे धुळे-नाशिककडची पांझरा-मोसम काठची फड पद्धत बघा ना, बंधारा, पाट, पाटकरी, पिकांची पाळी, सगळं शतकानुशतकं गावानंच चालवलं, त्यासाठी कुठल्या सम्राटाची गरज पडली नाही. पण एवढं नक्की की पाण्याचे, धान्याचे, मजुरीचे हिशोब वाढत गेले आणि तोंडी लक्षात ठेवणं अशक्य झालं. जगातलं जवळपास सगळ्यात जुनं लिखाण याच भागातल्या उरुक शहरात सापडलं, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, आणि त्यात बहुतेक काय आहे तर जव किती पोती, मेंढ्या किती, बिअर कुणाला किती. म्हणजे लिपीचा शोध कवीनं नाही लावला, कारकुनानं लावला. मला हे फार आवडतं.

आता क्षाराचं. आमच्या मामांचं शेत शिरोळ तालुक्यात आहे, त्यातला खालच्या अंगाचा दीड एकराचा तुकडा लहानपणी मी उसानं गच्च भरलेला बघितलाय. वर्षानुवर्षं भरपूर पाणी पाजलं, निचरा नाही, आणि एका उन्हाळ्यात गेलो तर जमिनीवर पांढरं, मीठ सांडल्यासारखं. हातात घेतलं तर पावडरीसारखं निसटतं. ऊस आधी पिवळा, मग ठिगळं पडल्यासारखा, मग नाहीच. कोल्हापूर-सांगलीत अशी क्षारपड जमीन हजारो हेक्टर आहे, आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी ओढ्याला काढून देतात तेव्हा कुठे ती परत सुधारते. सुमेरच्या, म्हणजे त्या काळच्या दक्षिण इराकच्या, लोकांकडे ते पाइप नव्हते. सपाट जमीन, निचरा नाही, डोक्यावर भाजणारं ऊन, पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतो. गव्हाला खारी जमीन सोसत नाही, जवाला बऱ्यापैकी सोसते, आणि त्यांच्या जुन्या नोंदींत गहू हळूहळू कमी होत जव वाढत गेलेला दिसतो. निव्वळ क्षारामुळेच सुमेरची घसरण झाली का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण शेतकऱ्याला डोकेदुखी होती यात वाद नाही. नाईलचा पूर क्षार धुऊन न्यायचं काम दर वर्षी फुकटात करत होता. एकाच प्रकारची शेती, एकाच प्रकारचं धान्य, पण एकाकडे निचरा आणि एकाकडे नाही.

आणि आता तो माझा आवडता मुद्दा, काय नव्हतं. दक्षिण इराकमध्ये दगड नाही, इमारती लाकूड नाही, कुठलाच धातू नाही. माती, बोरू, खजूर आणि पाणी, संपली यादी. मग त्यांनी मातीचंच सगळं केलं. मातीची वीट, मातीची पाटी, त्यावर बोरूनं लिहायचं, आणि मला म्युझियमच्या फोटोत पहिल्यांदा बघून विश्वासच बसला नाही ती गोष्ट म्हणजे भाजलेल्या मातीचा विळा. हो, विळा! मडक्यासारखा भाजून कडक केलेला, त्यानं जव कापायचे. धार किती टिकत असेल देव जाणे, मोडला की दुसरा घ्यायचा, मातीला काय तोटा.

पण देवळाला तुळई मातीची करता येत नाही. लाकूड लेबनॉनकडच्या डोंगरातून आणावं लागलं, तांबं आजच्या ओमानमधून, निळा लाजवर्द दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. त्याच्या बदल्यात द्यायला काय, तर धान्य आणि लोकरीचं कापड. म्हणजे मेंढ्या पाळा, कापड विणायला शेकडो बायका बसवा, त्यांना रोजचा शिधा द्या, त्याचा हिशोब ठेवा, माल न्यायला गाढवं आणि नावा जमवा, वाटेत लुटू नये म्हणून शिपाई ठेवा. हे सगळं वजा करून बघा, शहर म्हणून मागे काय उरतं? ज्या गावात दगड, लाकूड, धातू सगळं घरच्या घरी मिळतं त्याला हा उपद्व्याप करायचं कारणच पडत नाही. तिथल्याच अक्कडचा राजा सारगॉन, इ.स.पू. २३०० च्या सुमारास, मोठ्या तोऱ्यात सांगतो की माझ्या धक्क्याला मेलुहाची, मगनची, दिलमुनची जहाजं लागतात. मगन म्हणजे ओमानची बाजू, दिलमुन म्हणजे बहरीन, आणि मेलुहा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपली सिंधूकडची मंडळी. सुमेरमधल्या ऊर शहरात राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकडचे लालबुंद अकीकाचे मणी सापडलेत.

सिंधूकडे यायचं तर आधी नकाशाचा आकार बघा. इजिप्त म्हणजे एक दोरी, सुमेर म्हणजे एक छोटं ताट, आणि हडप्पा संस्कृती म्हणजे साधारण दहा लाख चौरस किलोमीटरवर फेकलेलं जाळं, बलुचिस्तानपासून हरियाणापर्यंत आणि खाली गुजरातपर्यंत. पंजाबात हडप्पा, सिंधमध्ये मोहेंजोदडो, कच्छच्या रणात धोळावीरा. आणि पाणी तरी किती प्रकारचं, हिमालयातल्या बर्फाचं, उन्हाळी मान्सूनचं आणि काही भागात पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी पावसाचं. म्हणून एकीकडे गहू-जवाचा रब्बी आणि गुजरातकडे बाजरीच्या जातीच्या बारीक धान्यांचा खरीप. एकीकडे बुडालं तर दुसरीकडे पिकतंय.

इतक्या वेगवेगळ्या मुलखात विटेचं प्रमाण मात्र एकच, उंचीच्या दुप्पट रुंदी आणि चौपट लांबी, आणि वजनाची मापं पण तीच. तरी जिथं जे मिळतं ते वापरलेलं दिसतं. मोहेंजोदडोला सिंधूच्या पुराची भीती, म्हणून मोठमोठे चौथरे रचून त्यावर वस्ती, भाजलेली वीट, आणि विहिरी इतक्या की अंदाज ७०० पर्यंत जातो. धोळावीरात दगड मुबलक, म्हणून बांधकामात दगड, आणि बारमाही नदीच नाही, दोन पावसाळी ओढे, मनहर आणि मनसर. त्यांना बांध घालून पाणी वळवलं आणि शहराच्या तटाला लागून एकापाठोपाठ एक तलाव, काही तर खडक फोडून केलेले. नदीकाठी संस्कृती हे पाठ केलेलं वाक्य धोळावीराच्या त्या कोरड्या तलावात उतरून म्हणून बघा, घशात अडकतं.

मग हे सगळं विस्कटलं कसं? इ.स.पू. १९०० नंतर मोठी शहरं ओस पडत गेली. साधारण ४२०० वर्षांपूर्वी पाऊसमान जगात बऱ्याच ठिकाणी बिघडलं, मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या थरांत त्याची खूण सापडली, आणि २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तिथपासून आजपर्यंतच्या काळाला मेघालयन असं नावच देऊन टाकलं. इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्या राजांची सत्ता कोसळली तीही याच सुमारास, नाईलचे पूर कमी झाले हे त्याचं एक कारण धरतात. पण पुढचं वेगळं झालं. माझं आपलं मत असं की इजिप्तच्या माणसाला जायला जागाच नव्हती, दोन्हीकडे वाळवंट, म्हणून मोडलं तरी तिथंच परत उभं राहिलं. सिंधूच्या माणसाला पूर्वेला गंगा-यमुनेचं दोआब मोकळं होतं, दक्षिणेला गुजरात मोकळं होतं, पाऊस होता, जमीन होती. तो शहर सोडून गेला, छोट्या गावात राहिला, जगला. शहर मेलं, माणसं नाही.

त्यातली काही माणसं, निदान त्यांची भांडी आणि त्यांची विद्या, आपल्याकडे पोचली. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या, बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस, सगळं मिळून वजन साठेक किलो. त्यांच्या काळाबद्दल वाद आहे, पण दायमाबादला हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या वस्तीचा थर मिळालाय यात शंका नाही, आणि इतक्या दक्षिणेला मिळालेली ही त्या संस्कृतीची शेवटची टोकाची वस्ती समजतात. म्हणजे ज्यांनी शहरं बघितली होती त्यांच्याशी नातं सांगणारे लोक प्रवरेच्या काठी, गोदावरीच्या खोऱ्यात येऊन राहिले. नदी होती, काळी माती होती, तरी इथं दुसरं मोहेंजोदडो झालं नाही. का?

याचं उत्तर बघायचं तर घोड नदीकाठी इनामगावला जावं लागतं, शिरूर तालुका, पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटर. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथं खणलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या काळातल्या गावाचा आख्खा संसार बाहेर काढला, शंभरावर घरं, चुली, बळद, घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लेकरं. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि शेजारी धान्याचं कोठार, म्हणजे पाटील होता म्हणा ना. पूर अडवायला बांध आणि पाणी वळवायला चारी काढलेली होती. सगळी शहराची बीजं, पण गाव गावच राहिलं.

एक तर दख्खनच्या नद्या वेगळ्या. आपला हा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा, आणि नद्या त्यात खोल चर पाडून वाहतात. काठावर उभं राहिलं की पाणी खाली, कधी कधी दोन पुरुष खाली. मोठा पूर आला तरी बहुतेक ठिकाणी नदी पात्रातच फुगते, मैलोन् मैल पसरून नवा गाळ अंथरत नाही. मळईच्या पट्ट्या आहेत पण अरुंद. नाईलसारखी गाळपेर नाही आणि युफ्रेटिससारखं काठ फोडून पाणी घ्यावं अशीही सोय नाही, इथं पाणी उपसून वर घ्यावं लागतं, मोट येईपर्यंत ते काय साधणार.

दुसरं म्हणजे पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत पाचशेवर येतो, तोही कधी पडेल कधी नाही. शिरूरचा माणूस ढगांची फक्त पाठ बघतो. तिसरं काळी माती, पावसाळ्यात चिकटते अशी की बैलाचा पाय निघत नाही, उन्हाळ्यात भेगा अशा की कोपरापर्यंत हात जातो. ओल धरून ठेवते म्हणून थंडीत पीक येतं हे खरं, पण मोठ्या रानाची खोल नांगरट करायला लोखंडी फाळ नव्हता, तांबं मुळात दुर्मिळ. त्यामुळे पीक घरापुरतं, थोडं कोठारापुरतं, पण शेती न करणारे शंभर-दोनशे कारागीर, कारकून, शिपाई पोसायला लागेल एवढा वरकड साठा नाही. आणि पुढे इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान आणखी खालावलं असं ढवळीकरांचं म्हणणं होतं, चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शिकारीवर भर वाढला, आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलंच.

हे वाचून कुणी म्हणेल की म्हणजे सगळं नकाशानंच ठरवलं, माणसाच्या हातात काही नव्हतं. तसंही नाही. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तर टिकालसारखं मोठं शहर नदी नसलेल्या जंगलात उभं केलं, पावसाचं पाणी तलावांत साठवून. नकाशा म्हणजे पत्त्यातला हात, पानं कशी टाकायची ते खेळणाऱ्यावर. आणि हातात नवीन पान आलं की खेळच बदलतो, आपल्याकडे ते पान म्हणजे लोखंड. विदर्भात नायकुंडला त्या काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडलीये, माहुरझरीला शिळावर्तुळांखाली, म्हणजे भोवती दगडांचं कडं रचलेल्या थडग्यांत, घोड्यांबरोबर लोखंडी सामान. फाळ आला, कुऱ्हाड आली, रान मोडलं, साठा वाढला.

आणि मग आपल्याकडे शहरं झाली ती कुठे बघा. पैठण गोदावरीवर आहे, मान्य, पण तिथला माल भडोचच्या बंदरापर्यंत वीस दिवसांची वाट चालत जायचा, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं नोंदवून ठेवलंय. दुसरा रस्ता सोपारा-कल्याणकडे उतरायचा, आणि मध्ये उभा सह्याद्री, भिंतीसारखा, मोजक्या जागी फट ठेवलेला. जी भिंत पाऊस अडवून इनामगावला कोरडं ठेवत होती तिच्यातल्या त्या फटी आता सोन्याच्या झाल्या, कारण समुद्रावरून देशावर जायचं तर तिथूनच जावं लागणार. जुन्नर वाढलं ते कुकडीच्या पाण्यानं जितकं, त्यापेक्षा जास्त नाणेघाटानं. सातवाहनांनी तिथं घाटाच्या तोंडाशी लेणं खोदलं, आत नागनिका राणीचा लेख कोरलाय, कुठला यज्ञ केला आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले त्याचे आकडे आहेत त्यात, भारतातल्या जुन्यात जुन्या कोरलेल्या आकड्यांपैकी.

बाहेर वाटेच्या कडेला दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचे पैसे यात टाकायचे असं गावातले लोक सांगतात. मी गेलो होतो तेव्हा त्यात पावसाचं पाणी होतं आणि एक वेफरचं रिकामं पाकीट तरंगत होतं, आणि खालून, कोकणाच्या अंगानं, धुकं त्या फटीतून वर येत होतं.